न पोचलेला वाटा

पंचबाईंचे डोळे आठवड्यातले सहा दिवस कारखान्याचे असत. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. समोर पांढरा दिवा, दिव्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या, आणि प्रत्येकीत कुठे केस, कण, काचेची कपची दिसते का ते बघायचं. मिनिटाला चाळीस बाटल्या. वीस मिनिटं बघितलं की दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसायचं असा नियम होता. पण माणसं कमी पडली की सगळ्यात आधी ती दहा मिनिटंच जायची. अलीकडे माणसं रोजच कमी पडत होती.

उरला रविवार. तो त्यांनी पत्त्यांच्या स्पर्धांना देऊन टाकला होता.

"वन्सं, रविवारी तरी डोळे मिटून पडा की," वहिनी म्हणायची. "लोकांची भांडणं सोडवायला आठवडाभर कमी दमता का?"

"भांडणं नसतात गं ती. नियम विचारतात."

"तेच ते."

हे पत्ते म्हणजे चार रंगांचे नेहमीचे पत्ते नव्हेत. ह्यात प्रत्येकाने आपापली पानं जमवायची, त्यातली चाळीस निवडून आपला गठ्ठा बांधायचा, आणि समोरच्याच्या गठ्ठ्याशी भिडवायचा. प्रत्येक पानावर चित्र आणि खाली त्या पानाने काय होतं ते लिहिलेलं. पूर्वी बाई स्वतः खेळायच्या. पुढे संध्याकाळी बारीक अक्षरं नाचायला लागली, तशा त्या खेळ सोडून पंचाच्या खुर्चीत आल्या. त्यांना ते आवडायचंही. हमरीतुमरीवर आलेली दोन माणसं आपण जवळ जाऊन उभं राहिलो की गप्प होतात, हे सुख घरी आणि कारखान्यात कुठेच नव्हतं.

त्या वर्षी नवी पानं आली होती, वाट्याची. अशा पानावर दोन ओळी असत. नुसतं टाकलं तर पहिली ओळ लागू, फायदा थोडा. टाकताना "वाटा" असं म्हणून समोरच्याला आधी काही दिलं, तर दुसरी ओळ लागू, फायदा दांडगा. 'धरण' नावाचं पान घ्या. नुसतं टाकलं तर आपण आपल्या गठ्ठ्यातून एक पान उचलायचं. वाटा दिला तर समोरच्याने त्याच्या गठ्ठ्यातून एक उचलायचं आणि मग आपण तीन. हिशेब सरळ वाटतो, पण तरण्या खेळाडूंचा हात वाटा द्यायला काही धजत नसे. आपल्या हाताने समोरच्याला पान द्यायचं आणि त्याच पानाने त्याने आपल्याला लोळवायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

शिंपीमास्तरांच्या गठ्ठ्यात मात्र वाट्याचीच पानं भरलेली होती. मास्तर पासष्टीचे. खेळायला लागून त्यांना जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि गठ्ठा त्यांचा नव्हताच, त्यांच्या बायकोचा होता. ती पूर्वी चांगली खेळायची. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, हातात पानं धरता येईनात. मग तिने अंथरुणावर पडून, एकेक शब्द ढकलत, नवऱ्याला खेळ शिकवला. नवी पानं आली तीही तिनेच निवडून गठ्ठ्यात बसवली. मास्तर दर रविवारी तो गठ्ठा कापडी पिशवीत घालून यायचे, खेळायचे, आणि घरी जाऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं तिला सांगायचे. हे स्पर्धेच्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

त्या रविवारी मास्तर चक्क अंतिम सामन्यात आले. समोर कंपाउंडर. तिशीचा, हात चलाख, बोलायला गोड. औषधांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तसा झालेला. जिंकेल त्याला मोठ्या स्पर्धेत जागा होती. दोघांचा एकेक डाव झाला होता, तिसरा चालू होता. शेजारच्या टेबलावर तिसऱ्या क्रमांकाचा सामना सुरू होता, आणि दोन्ही टेबलांना पंच एकच. हॉलमध्ये आल्यापासून बाईंचा हा आठवा तास. पंखा होता, पण तो गरम हवाच इकडून तिकडे करत होता.

मास्तरांच्या चौथ्या खेळीच्या आधी बाईंनी पर्समधून डोळ्यांत घालायची बाटली काढली. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. अर्धं मिनिट मिटून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मिटलेल्या पापण्यांमागे इतकं गार, इतकं बरं वाटलं, की अर्धं मिनिट कुठे संपलं ते त्यांना कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा मास्तर पुढचं पान टाकून बसले होते, कंपाउंडर विचार करत होता, आणि सगळं जागच्या जागी दिसत होतं.

आणखी चार खेळ्यांनी मास्तर जिंकले. आजूबाजूच्या दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. मास्तरांनी हात पुढे केला. कंपाउंडरने तो घेतला नाही.

"एक मिनिट, काका. बाई, माझा गठ्ठा मोजा जरा."

"का?"

"चौथ्या खेळीला काकांनी धरण टाकलं. वाटा म्हणाले, तीन पानं उचलली. मला पान मिळालंच नाही."

बाईंनी गठ्ठा मोजला. सुरुवातीची सात, आठ खेळ्यांची आठ आणि वाट्याचं एक. चाळीसातली सोळा गेली की चोवीस उरायला हवीत. पंचवीस होती. त्यांनी पुन्हा मोजला. पंचवीसच.

"मी म्हटलं होतं 'वाटा'," मास्तर गोंधळून म्हणाले. "मोठ्यानं म्हटलं होतं."

"म्हणालात हो. पण पुढं थांबलात कुठं? लगेच उचलायला लागलात."

नियम बाईंना पाठ होता. वाटा आधी, फायदा नंतर, आणि वाटा पोचवायची जबाबदारी देणाऱ्याची. न पोचवता फायदा घेतला तर डाव गेला. त्याच्याच खाली आणखी एक ओळ होती: पंचाच्या डोळ्यांदेखत असं घडलं आणि पंचाने अडवलं नाही, किंवा पंचाच्या हयगयीमुळे ते सुटलं, तर चूक पंचाची आणि तो डाव पुन्हा खेळायचा. पंच आपल्याच दुसऱ्या टेबलाकडे बघत असला तर ती हयगय नव्हे.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तर इथंच होतात. तुम्ही बघितलं असेल ना?"

स्पर्धा भरवणारा, ह्या पत्त्यांचा दुकानदार मागे येऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "पाचला हॉल सोडायचाय. काय ते लवकर सांगा."

 झोप लागली होती, हे तीन शब्द बाईंच्या जिभेवर आले होते. पण समोर वीस-पंचवीस माणसं उभी होती, आणि आजवर ती सगळी त्यांच्या शब्दावर गप्प होत आली होती.

"मी इथं होते," त्या म्हणाल्या, "पण त्या वेळी माझं लक्ष पलीकडच्या टेबलावर होतं. मला ते दिसलेलं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे डाव... मास्तर, डाव तुमच्याकडून गेला."

मास्तर खुर्ची मागे सारून उठले. त्यांनी पानं गोळा केली, एकेक करून सरळ केली, पिशवीत घातली. ते दाराकडे जात असताना मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं बरोबर हात मारला होता हां." दोघे तिघे हसले. मास्तरांची पाठ क्षणभर थांबली, मग जिना उतरून गेली.

सोमवारी बाटल्या सरकायला लागल्या. मंगळवारीही सरकल्या. बाईंना एकाही बाटलीत काही दिसेना, आणि आपण बघतोय की नुसते डोळे उघडे ठेवून बसलोय हेही कळेना. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती पाठ आठवायची, जिन्याच्या तोंडाशी थांबलेली. बुधवारी जेवताना वहिनीने विचारलं, "काय झालंय?" बाई म्हणाल्या, "काही नाही, डोळे." वहिनीने ताटात आणखी वाढलं.

गुरुवारी पाळी संपल्यावर त्या घरी न जाता मास्तरांच्या दुकानाकडे गेल्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला खडूच्या खुणा केलेले कपड्यांचे तुकडे अडकवलेले, आणि आतल्या दाराजवळ एक पलंग. पलंगावर उशांना टेकून मास्तरांची बायको बसलेली. केस नीट विंचरलेले, उजवा हात पांघरुणाखाली. मास्तर कोटाला काजं करत होते. त्यांनी वर पाहिलं, बाईंना ओळखलं आणि पुन्हा सुई चालवायला लागले.

"काही शिवायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बोलायचंय."

"झालं की बोलून रविवारी. सगळ्यांसमोर बोललात."

पलंगावरून आवाज आला. शब्द ओले, एकमेकांना चिकटलेले, पण समजत होते. "बसा... ताई."

बाई स्टुलावर बसल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. शेवटी त्या कोटाकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, मी पलीकडच्या टेबलाकडे बघत नव्हते. डोळ्यांत औषध घालून डोळे मिटले होते. तिथंच झोप लागली मला. चौथी खेळी मी पाहिलीच नाही. आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले."

सुई थांबली. मास्तरांनी कोट मांडीवरून उतरवून बाजूला ठेवला.

"चार दिवस झाले," ते म्हणाले.  "चार दिवस मी स्वतःलाच विचारतोय, आपण मुद्दाम तर नाही ना केलं? म्हातारपणी जिंकायची हाव सुटली का आपल्याला? लोक म्हणाले हात मारला. माझ्या बापानं कधी कुणाचं वितभर कापड मारलं नाही, मीही नाही मारलं. आणि तुम्ही झोपला होतात."

"हो."

"चूक माझी होती, मान्य. विसरलो. तीन पानं उचलायच्या घाईत विसरलो. पण मी चोर नव्हतो, बाई."

"नव्हतात. माहीत आहे मला."

"आज माहीत असून काय उपयोग?"

 खिडकीबाहेरून सायकलची घंटी वाजत गेली. पलंगावरची बायको इतका वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती म्हणाली, "मी... पकडलं होतं."

"काय?" बाईंनी विचारलं.

"रविवारीच. हे सांगत होते. सगळं, ओळीनं. चौथी खेळी... धरण, वाटा, तीन पानं. मी विचारलं, त्यानं... काय उचललं?" ती थांबली, दम घेतला. तोंडाची डावी बाजू हसली. "ह्यांचा चेहरा... असा पडला."

"हसतेस काय?" मास्तर म्हणाले.

"सारखे विसरता. घरी पण... विसरता. मला वाटा... द्यायचा." तिने बाईंकडे पाहिलं, बराच वेळ. मग नवऱ्याला म्हणाली, "दमलीये हो ती. बघा तरी."

मास्तरांनी पाहिलं. बाईंच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, आणि त्या रडून लाल झालेल्या नव्हत्या. ते उठले आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानदाराकडे गेल्या आणि एक कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. काय झालं ते सहा ओळींत लिहिलेलं होतं, खाली सही. दुकानदाराने तो वाचून कपाळाला हात लावला.

"आता कशाला उकरून काढताय? कंपाउंडरचं नाव पाठवून झालंय माझं."

"मग कळवा, थांबा म्हणून. नियम तुम्हालाही ठाऊक आहे. डाव पुन्हा व्हायला हवा."

"अहो, हे वर गेलं की तुम्हाला वर्षभर तरी पंच म्हणून बसता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"कंपाउंडर तयार होईल असं वाटतं तुम्हाला? हातात आलेली जागा कोण सोडतो?"

"मी विचारते त्याला."

औषधांच्या दुकानात गर्दी होती. कंपाउंडर गोळ्यांच्या पट्ट्या कापून पुड्यांत भरत होता, तोंडाने एका आजोबांना दिवसातून किती वेळा घ्यायच्या ते सांगत होता. गर्दी ओसरल्यावर बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. हातातली कात्री उघडत, मिटत राहिला.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर माझा कागद तसाच वर जाईल. ते ठरवतील काय ते. पण मला वाटलं, तुमच्याशी आधी बोलावं."

 तो काउंटरवर जरा वाकून हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक सांगू? कुठं लिहू नका."

"सांगा."

"मला ते डाव संपल्यावर नव्हतं कळलं. पुढच्याच खेळीला पान उचलताना ध्यानात आलं, की अरे, मागचं राहिलं. तोंड उघडणार होतो. मग म्हटलं, बघू. जिंकलो तर प्रश्नच नाही, हरलो तर बोलू." त्याने कात्री खाली ठेवली. "तुम्ही झोपला होतात हेही मी बघितलं होतं. तुम्ही पलीकडं लक्ष होतं म्हणालात तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आता आपल्याला कुणी विचारणार नाही."

बाई काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.  रागवावं असं वाटलं, पण रागवायला लागतं तेवढं अंगात उरलं नव्हतं. आणि रागवायचा हक्क आपल्याला आहे असंही वाटेना.

"नाही लिहिणार," त्या म्हणाल्या. "पण डाव खेळा."

"खेळतो. घ्या, ह्या रविवारीच खेळतो. मलाही पाच दिवस नीट झोप नाही." मग, दुकानातच असल्यामुळे की काय, त्याने विचारलं, "थेंब कोणते घालता तुम्ही?"

डाव मास्तरांच्या पुढच्या खोलीत झाला. तशी अट मास्तरांनी घातली होती: हिच्यासमोर होऊ दे. रविवारी सकाळी दहाला मशीन भिंतीला सरकवून टेबल मधे घेतलं, पलंग थोडा पुढे ओढला. पंच म्हणून दुकानदार बसला. बाईंना बसायची काही गरज नव्हती, पण मास्तरांच्या बायकोने पलंगावर आपल्याशेजारी हात आपटून जागा दाखवली, तशा त्या बसल्या.

मास्तर इतके जपून खेळले की बघवेना. वाट्याचं प्रत्येक पान टाकताना खणखणीत "वाटा" म्हणायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि कंपाउंडरने पान उचलून हातात नीट लावेपर्यंत आपल्या गठ्ठ्याला शिवायचे नाहीत. कंपाउंडरही प्रत्येक वेळी "मिळालं, काका" असं म्हणायचा. दुकानदार जांभया देत होता.

सहाव्या खेळीला मास्तरांनी धरण टाकलं, वाटा दिला. कंपाउंडरने पान उचललं, बघितलं आणि त्याचा चेहरा जरा बदलला. पलंगावरून मास्तरांच्या बायकोला तेवढ्यावरूनच कळलं. ती घशातल्या घशात "हं" म्हणाली. दोन खेळ्यांत डाव संपला. कंपाउंडर जिंकला, आणि जिंकला तो त्याच पानावर.

 कंपाउंडरच अवघडून गेला. मास्तरांनी ते पान उचलून चष्म्याजवळ नेलं, खालचं बारीक अक्षर सावकाश वाचलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"बरंच चांगलं दिलं की हो मी तुम्हाला," ते म्हणाले, आणि ह्या वेळी हात पुढे केला. कंपाउंडरने तो दोन्ही हातांनी धरला.

हॉलमधल्या लोकांना दुकानदाराने पुढच्या रविवारी काय ते सांगितलं. कोण कुठे बघत होतं, कोण झोपलं होतं, सगळं. कंपाउंडरच्या गोष्टीतलं काही त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते राहिलं. मास्तर पुन्हा यायला लागले आणि हात मारल्याचं परत कुणी काढलं नाही. बाईंचं नाव पंचांच्या यादीतून वर्षभरासाठी गेलं. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी कंपाउंडर आणि दुकानदार गेल्यावर मास्तर टेबल आवरायला लागले, तर बायको म्हणाली, "राहू द्या. आता... आम्ही."

"तुम्ही म्हणजे?"

"मी... आणि ही."

बाईंकडे गठ्ठा नव्हता. मास्तरांनी कपाटातून बायकोचा जुना, वाट्याची पानं येण्याआधीचा गठ्ठा काढून दिला. स्वतः पलंगाशी खुर्ची ओढून बायकोची पानं पंख्यासारखी धरून बसले. ती डाव्या हाताच्या बोटाने दाखवायची, ते टाकायचे. मास्तरांनी चुकीचं पान टाकलं की ती डोळे वटारायची.

बाई कित्येक वर्षांनी खेळत होत्या. अक्षरं नाचत होती, पण जुनी पानं चित्रांवरूनच ओळखू येत होती. तिसऱ्या खेळीला मास्तरांच्या बायकोने वाटा दिला. बाईंनी पान उचललं, हातात लावलं. आता काय टाकावं? खिडकीतून उजेड येत होता, पण तो डोळ्यांवर येत नव्हता. आतून चहाचा वास येत होता. जरा विचार करू, म्हणून त्यांनी पानं पालथी केली आणि पाठ भिंतीला टेकली.

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड पार समोरच्या भिंतीवर गेला होता. अंगावर एक अर्धवट शिवलेला कोट पांघरलेला होता. शेजारी मास्तरांची बायको उशीवर मान टाकून झोपली होती. पानं होती तिथेच होती, पालथी, एकही हललेलं नाही. मास्तर खिडकीशी स्टुलावर बसून हाताने टाके घालत होते. मशीन त्यांनी अजून भिंतीपासून ओढलंच नव्हतं.

बाई धडपडत सरळ बसल्या. "किती वाजले?"

"दोन वाजून गेले," मास्तर मान न उचलता म्हणाले. "तुमची खेळी आहे."